हा काप बरा, की आधीचा?

माझ्या भाऊजींच्या घरात विजेवर चालणाऱ्या चार करवती आहेत, आणि लाकडाची म्हणावी अशी एकही वस्तू त्यांनी आजवर बनवलेली नाही. हे मी चेष्टेने सांगत नाही. चारही करवती माझ्या टेम्पोतून आल्या आणि चारही वेळा जड बाजू माझ्याच वाट्याला आली, त्यामुळे या विषयावर बोलायचा अधिकार मला आहे असं मी समजतो.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. चष्म्याच्या दुकानात ते नंबर काढतात. दुकानाच्या मागच्या अंगाला एक अरुंद, अंधारी खोली आहे. भिंतीवर अक्षरांचा तक्ता, समोर खुर्ची. गिऱ्हाइकाच्या नाकावर ते एक जड चौकट चढवतात, तिच्यात काच सरकवतात, ती काढून दुसरी सरकवतात आणि विचारतात, "हे बरं, की आधीचं?" गिऱ्हाईक म्हणतं, हे. मग भाऊजी तिसरी काच उचलतात. हा प्रकार इतका वेळ चालतो की बाहेर बाकावर बसलेला नातेवाईक पेंगायला लागतो. पण त्यांनी काढलेला नंबर चुकत नाही, हेही सांगायला हवं. सगळे त्यांना नंबरवाले म्हणतात.

आता माणूस घरी येताना आपला धंदा दुकानातच ठेवून येतो असं थोडंच आहे? छत्री घ्यायला गेले तरी भाऊजी दोन छत्र्या आळीपाळीने डोक्यावर धरून बघतात, तेही दुकानाच्या छताखाली. पंखा दोनवर बरा की तीनवर, याचा सोक्षमोक्ष लावायला ते एकदा दुपारभर बटणापाशी उभे होते. शेवटी वीज गेली आणि पंख्याचीच सुटका झाली.

माझी ताई अगदी उलट. ती कपडे बेतते. कापड पसरलं, खडूने चार रेघा मारल्या, कात्री चालवली, संपलं. एकदा कात्री लावलेलं कापड परत जोडता येत नाही, म्हणून ती विचार आधी करते आणि नंतर अजिबात करत नाही. शिवणकामाच्या एका मोठ्या दुकानात तिने अर्धं आयुष्य काउंटरपाशी उभं राहून काढलं. मालक थकले, दुकान बंद झालं. जाता जाता त्यांनी विचारलं, तुला आठवण म्हणून काय देऊ? दुसऱ्या कुणी भिंतीवरचं घड्याळ मागितलं असतं. ताईने काउंटरवरची फळी मागितली.

ती फळी बघण्यासारखी होती. एकसंध, जवळपास सात फूट लांब, दोन फूट रुंद, दीड इंच जाड. इतकी वर्षं तिच्यावरून कापड सरकून सरकून ती अशी गुळगुळीत झाली होती की हात फिरवला की काढवत नसे. फक्त एका टोकाला वीतभर चीर गेली होती. ती मी टेम्पोत घालून घरी आणली आणि पुढच्या खोलीत भिंतीला टेकवून ठेवली.

तोवर ताईने घरीच काम सुरू केलं होतं, जमिनीवर बसून. आणि तिथेच सगळं घोडं अडलं, कारण तिचे गुडघे गेले. खाली बसायला जमायचं, उठणं म्हणजे एक समारंभ. आधी शिवणयंत्राचा पाय धरायचा, मग एक गुडघा वर, मग थोडा वेळ तसंच थांबायचं, भिंतीकडे बघत. त्या मधल्या थांबण्यात तिचा चेहरा मला बघवत नसे. डॉक्टरांनी जमिनीवर बसणं बंद करायला सांगितलं. ताई मला म्हणाली, "असंच चाललं तर हे वर्ष कसंबसं काढीन. पुढच्या वर्षी गिऱ्हाइकांना नाही म्हणायला लागेल." ज्या बाईने आयुष्यात कुठल्या गिऱ्हाइकाला नाही म्हटलं नाही, तिच्या तोंडी ते वाक्य ऐकून मी टेम्पोत जाऊन नुसताच बसून राहिलो.

उपाय तर समोर भिंतीला टेकून उभा होता. फळीचं चिरलेलं टोक कापायचं, खाली पाय ठोकायचे, झालं बेतायचं टेबल. कोपऱ्यावरचा सुतार येऊन फळी बघून गेला. म्हणाला, "पाठवून द्या. अर्ध्या तासाचं काम आहे."

"तुझ्या फळीला परक्याचा हात कशाला?" भाऊजी म्हणाले. "मी करतो."

ताईला गहिवरून आलं. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर नवऱ्याने आपण होऊन काही करतो म्हणावं, म्हणजे कुणालाही येईल. तिने पदराने फळी पुसली. त्या एका कापासाठी भाऊजींनी करवत शोधायला घेतली.

नवी करवत त्यांना नको होती. चिकटपणा म्हणून नव्हे, तत्त्व म्हणून. "नव्या यंत्राचा स्वभाव कळलेला नसतो," ते मला समजावत होते. "वापरलेल्याचे दोष बाहेर आलेले असतात. दोष माहीत असला की नंबर देता येतो." मी मान डोलावली. मला वाटलं ते चष्म्याबद्दल बोलतायत.

पहिली करवत एका नेपथ्यवाल्याकडे मिळाली. नाटकांसाठी खोटी घरं उभारण्यात त्याची हयात गेली होती, आता हात थरथरतात म्हणून तो हत्यारं विकत होता. हातात धरून चालवायची गोल करवत. भाऊजींनी दुकानातली डोळे तपासायची छोटी बॅटरी आणली होती. ती त्यांनी मोटरच्या जाळीतून आत मारली, मग करवतीला म्हणाले, "हं, वर बघा." सवयीने गेलं तोंडातून. नेपथ्यवाल्याने माझ्याकडे बघितलं. मी रस्त्याकडे बघितलं.

"चालवून बघा की," नेपथ्यवाला म्हणाला आणि त्याने प्लायवूडचा तुकडा पुढे केला.

"छे," भाऊजी म्हणाले. "ज्याचे डोळे तपासायचे तो माणूस स्वतः लागतो. त्याचा भाऊ आणून चालत नाही. जे कापायचंय त्याच्यावरच करवत तपासायची."

म्हणून आम्ही परत घरी गेलो, फळी टेम्पोत चढवली आणि घेऊन आलो. तिथून पुढे ही रीतच पडली. करवत बघायला जायचं म्हणजे फळी बरोबर न्यायची, लग्नाला आजीला नेतात तशी, जपून, उशा लावून.

नेपथ्यवाल्याच्या अंगणात भाऊजींनी चिरलेलं टोक कापलं. करवतीने आवाज भरपूर केला, पण कापलं. चीर गेली. म्हणजे वाचकहो, काम झालं होतं. ज्या एका कापासाठी हा सगळा घाट घातला तो पडला होता, आणि फळी अजून सहा फुटांच्या वर होती. मी दोर आवरायलाही घेतला.

भाऊजींनी खिशातून गुण्या काढला, म्हणजे काटकोन तपासायची ती सुतारांची पट्टी. तो कापाला लावला, फळीचं टोक उजेडाकडे धरायला मला सांगितलं आणि एक डोळा मिटला. पट्टी आणि लाकूड यांच्यामधून उजेडाची एक बारीक रेघ दिसत होती.

"तिरका आहे," ते म्हणाले.

"केसाएवढा."

"केस डोळ्यात गेला तर कळतो की नाही?"

त्यांनी बाजूलाच आणखी एक काप घेतला. दोन बोटं रुंदीची पट्टी सुटून खाली पडली. पुन्हा गुण्या, पुन्हा उजेड. "हा बरा, की आधीचा?" त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, हा. माझी ती चूक नव्हती, कुणीही तेच म्हटलं असतं. मग त्यांनी तिसरा घेतला.

दोष सापडलेली करवत सोडून यायचं की नाही? नाही, ती विकत घेतली. का, तर तुलनेसाठी. "एकच काच असेल तर बरी की वाईट कसं ठरवणार?" असं म्हणून त्यांनी ती मांडीवर घेतली आणि वाटभर तिच्या मोटरीतला झिजलेला कार्बनचा तुकडा कुठे मिळेल यावर बोलत राहिले. तो तुकडा त्यांनी बदलला, पातं धार लावून आणलं. दुरुस्ती झाली म्हटल्यावर तपासणी आलीच, आणि तपासणी कशावर हे आता सांगायला नको.

ताईने घरी आलेल्या पट्ट्या बघितल्या. "एवढं कशाला कापलंत?"

"तिरकं होतं. तुला रोज दिसलं असतं."

"मला नसतं दिसलं."

"मला दिसलं असतं."

तिने त्या दोन फुटी पट्ट्या उचलल्या आणि जमिनीवर पसरलेल्या कापडाच्या कडांवर वजन म्हणून ठेवल्या. कापड सरकायचं थांबलं. सोयीच्या आहेत म्हणाली. हे ती बोलली नसती तर बरं झालं असतं, कारण भाऊजींना वाटलं की त्यांच्या हातून घरात काहीतरी उपयोगाचं उत्पादन सुरू झालंय.

दुसरी करवत तसबिरींच्या चौकटी करणाऱ्या एका माणसाची. वरून खाली येणारी, मुंडी वाकवून काटकोनात कापणारी. चौकटवाला म्हणाला, "काटकोनावर माझं पोट आहे." यात खोटं काही नव्हतं, फक्त त्याच्या करवतीचा घास हाताच्या पंजाएवढा आणि आमची फळी दोन फूट रुंद. भाऊजींनी तोड काढली. एका बाजूने कापायचं, फळी फिरवायची, दुसऱ्या बाजूने कापायचं, उरलेलं मधलं हाताने. दोन्ही काप आपापल्या जागी काटकोनातच होते, पण मध्ये त्यांची गाठ पडली नाही. मध्ये राहिलेल्या पायरीवर भाऊजींनी बोट फिरवलं. "दोन डोळ्यांचा नंबर वेगळा आहे," ते म्हणाले, आणि फळी पुन्हा फिरवली. चौकटवाला आधी उत्साहाने बघत होता. मग तो खुर्ची घेऊन बसला. मग त्याने दुकानाचं अर्धं शटर ओढलं.

तीही घेतली.

तिसरी मात्र अजस्र होती. खेळण्यांच्या कारखान्यातली पट्ट्याची करवत, कपाटाएवढी उंच, वर-खाली दोन चाकं आणि त्यांच्यावरून फिरणारं लांब पातं. मागच्या खोलीच्या दारातून ती आत जाईना, म्हणून बोळात राहिली. मोरीत जाणाऱ्या माणसाला तिच्याशी अंग चोरून जावं लागे. ताई तिच्या चाकाच्या झाकणावर टॉवेल वाळत घालायची. तिला भाऊजींनी नवे रबर, नवी बेअरिंगं, काय काय घातलं. बेअरिंग गेलंय की नाही हे बघायला स्क्रू-ड्रायव्हरचं टोक यंत्राला आणि मूठ कानाला लावून ते तासन्‌तास उभे राहायचे. शेजारच्या काकू एकदा डोकावून ताईला विचारून गेल्या, यजमानांची तब्येत बरी आहे ना.

त्या करवतीचं पातं भटकायचं. फळी सरळ ढकलली तरी काप वळून जायचा. पहिला काप घेऊन भाऊजी ताईकडे आले तेव्हा तिने तो नीट निरखला आणि म्हणाली, "बाहीचा गोल म्हणून छान आहे."

ती हसत म्हणाली, पण उठून तिने मोजपट्टी आणली आणि फळी मोजली. मग माझ्याकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं होतं. तिने बेतायचा निळा खडू घेतला आणि उरलेल्या फळीवर आडवी एक रेघ मारली, दोन्ही बाजूंनी, ठसठशीत.

"अहो, इकडे बघा. पाच फूट. लांब झगा किंवा मोठा कोट बेतायचा तर यापेक्षा कमी चालत नाही. कापडात शिवणीबाहेर जास्तीची माया सोडतात तशी वरची सगळी तुमच्यासाठी सोडली होती. आता दोन बोटंच उरलीत. या रेघेच्या आत आलात तर ही फळी माझ्या कामाची नाही."

"नाही येणार," भाऊजी म्हणाले. त्यांनी रेघेला हात लावून म्हटलं, आणि मनापासून म्हटलं. या माणसाचं मन नेहमी खरं असतं, हीच तर अडचण आहे.

त्याच सुमारास ताईकडे एक मोठं काम चालून आलं. एका वाद्यवृंदाला नवे लांब कोट हवे होते, सगळ्यांना. ताईने होकार दिला नाही, नकारही दिला नाही. "टेबल झालं की सांगते," म्हणाली. वाद्यवृंदाचे व्यवस्थापक सभ्य गृहस्थ होते, नमुन्याचा कोट आणि कापडाचा तागा ठेवून ते थांबले. इकडे ती रोजची कामं जमिनीवरच करत होती. दोन बायकांचं कापड तिने परत पाठवलं. घडी घालून, वर हात फिरवून परत दिलं. ते मी बघितलं आणि भाऊजींना सरळ सुनावलं, "सुताराकडे द्या आता. बस झाला काथ्याकूट."

"एक शेवटची बघू," ते म्हणाले. "ही खरी आहे."

चौथी करवत बुद्धिबळाचे पट बनवणाऱ्या एका म्हाताऱ्याची होती. चौसष्ट चौकोन, एक जरी वाकडा गेला तरी शेवटचा बसत नाही. नजर अधू झाली म्हणून तो काम सोडत होता, आणि गंमत म्हणजे त्याच्या चष्म्याचा नंबर भाऊजींनीच काढलेला. करवत कसली, ओतीव लोखंडाचं भलंमोठं टेबलच. चार जाड पायांवर उभं, मधून पातं वर आलेलं, दोन्ही अंगांना जोडलेली लोखंडी पानं. वरचा पृष्ठभाग असा सपाट की म्हाताऱ्याने त्यावर एक गोटी ठेवली आणि ती जागची हलली नाही.

"काय काय करणार आहात हिच्यावर?" त्याने विचारलं.

"एक काप," भाऊजी म्हणाले.

"आणि मग?"

"मग काही नाही."

म्हाताऱ्याने चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला. बहुतेक नंबर तपासून घ्यावा असं त्याला वाटलं असेल.

फळी चढवली. निळ्या रेघेच्या बाहेर दोन बोटं जागा होती. मी लांबचं टोक धरून उभा राहिलो. भाऊजींनी कानात कापसाचे बोळे घातले, सरकत्या पट्टीला फळी टेकवली आणि पुढे ढकलली. काही विचारू नका. लोण्यातून सुरी जावी तसं पातं गेलं. रेघेच्या बाहेरून, अगदी तिला चाटून. भाऊजींनी गुण्या लावला. मी फळी उजेडाकडे धरली. उजेड आला नाही. कुठूनच आला नाही. त्यांनी फळी उलटी करून बघितलं, तरी नाही.

मला त्यांचा चेहरा आठवतो. इतका आनंद त्या चेहऱ्यावर मी कधी बघितला नव्हता, आणि मलाही बरं वाटलं. चला, संपलं एकदाचं.

आता दुकानात त्यांचा एक नियम आहे. नंबर बरोबर आला की तोच पुन्हा एकदा तपासायचा. गिऱ्हाईक कधी कधी कंटाळून हो म्हणतं, म्हणून. मी दोर घ्यायला वळलो तेवढ्यात मोटर पुन्हा सुरू झाली.

मी ओरडलो. त्यांच्या कानात कापूस. मी हात हलवले, त्यांनी खुशीत मान हलवली. म्हाताऱ्यानेही हात हलवला, त्याला वाटलं आम्ही निरोप घेतोय. पट्टी खाली पडली. गुण्या लावला, उजेड नाही. दुसराही तितकाच अचूक. मग कुठला बरा, हे कसं ठरवणार? दोन काचा लावून झाल्या की भाऊजी काय करतात हे मी वर सांगितलं आहे. मी फळीला वळसा घालून त्यांच्यापर्यंत पोचून खांदा धरेपर्यंत तिसरा काप पडला होता.

त्यांनी कापूस काढला. "तिन्ही सारखे," ते म्हणाले.

मी खाली वाकून भुशातून एक पट्टी उचलली. तिच्या एका कडेला निळी रेघ होती, अखंड, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मी ती त्यांच्या हातात दिली.

त्यांनी ती डोळ्यांजवळ नेली. मग लांब धरली. जवळून आणि लांबून तेच दिसत होतं. ते म्हाताऱ्याच्या बाकावर बसले. मला त्यांचा विलक्षण राग आला होता आणि तितकीच दयाही येत होती, आणि दोन्ही एकदम आल्यामुळे मला काहीच करता येईना. शेवटी मी करवत टेम्पोत चढवली, कारण तिचा व्यवहार झाला होता आणि तिथे नुसतं उभं राहणं कठीण होतं. म्हाताऱ्याने एक बाजू धरली. हलकी.

मागच्या खोलीत जागा नव्हती, बोळात खेळण्यांवाली उभी, म्हणून चौथी करवत पुढच्या खोलीतच उतरवली. तात्पुरती. ताई बाहेर गेली होती. परत आली तेव्हा तिच्या बसायच्या जागेवर, बरोबर जिथे ती कापड पसरायची तिथे, ते धूड उभं होतं. शेजारी भिंतीला पावणेपाच फुटी फळी टेकवलेली. भाऊजींनी ती निळ्या रेघेची पट्टी तिच्यापुढे धरली.

"मी आत आलो," ते म्हणाले.

ताईने पट्टी घेतली. ती ओरडली असती तर चाललं असतं. तिने पट्टीवर अंगठा फिरवला, खडूची निळी पूड अंगठ्याला लागली. मग कपाटातून तिने वाद्यवृंदाच्या नमुन्याचा कोट काढला आणि काळ्या कापडाचा तागा काढला, आणि ते बांधून परत पाठवायला खाली बसायची जागा शोधू लागली. इकडे करवतीचा पाय, तिकडे शिवणयंत्र. ती नुसतीच ताग्यासह उभी राहिली. "मी त्यांना नाही म्हणून कळवते," ती म्हणाली. "पण आधी हा ठेवू तरी कुठे?"

हात भरून आले होते म्हणून तिने तागा करवतीच्या लोखंडावर टेकवला. तो अर्धा उलगडला. काळं कापड त्या सपाट लोखंडावरून सरकत पलीकडच्या कडेपर्यंत गेलं आणि पडून राहिलं, एकही सुरकुती न पडता. ताईने त्यावर तळहात ठेवला. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत नेला. मग मोजपट्टी काढली.

"पाच फुटांच्या वर आहे," ती म्हणाली, कुणालाच नाही. मग नवऱ्याकडे वळली. "हे पातं खाली जातं?"

भाऊजींनी खालचं चाक फिरवलं. पातं हळूहळू लोखंडात बुडालं आणि दिसेनासं झालं. ताईने फट होती तिथे पुठ्ठा ठेवला, कापड पुन्हा ओढून घेतलं आणि कंबर वाकवून बघितली.

"थोडं खाली पडतंय. पाठ दुखेल."

मी टेम्पोतून जॅक आणला. भाऊजींनी घरभरच्या पट्ट्या गोळा केल्या. कापडावरच्या, दाराला अडसर म्हणून लावलेल्या, एक मोरीतल्या बादलीखालची. मी एकेक पाय उचलायचो, ते आडव्या पट्ट्या खाली सरकवायचे, आणि पालथं पडून वर बघत विचारायचे, "हे बरं, की आधीचं?"

"आणखी थोडं."

आणखी एक पट्टी. "आता? हे बरं, की आधीचं?"

"हे."

मी खाली वाकून बघितलं. त्यांच्या हातात पुढची पट्टी होती. ताईनेही बघितलं. "बस," ती म्हणाली. "आता हात लावायचा नाही." आणि भाऊजींनी ती पट्टी खाली ठेवली. आयुष्यात पहिल्यांदा. एक पाय जमिनीच्या उतारामुळे डुगडुगत होता, त्याच्याखाली मी पहिल्या करवतीचा तो तिरका काप सारला. तो तिथे असा चपखल बसला की जणू मापाने कापला होता.

मग तिने प्लग सोडवून घेतला, वायरीपासून वेगळाच काढायला लावला, आणि बटणांच्या डब्यात टाकून झाकण लावलं. खडू घेतला. रेघा मारल्या. कात्री उचलली.

आम्ही दोघं दारात उभे होतो. तिने पहिल्या कोटाची पाठ बेतली, पुढचे दोन भाग बेतले, बाह्या बेतल्या. कात्री खाली ठेवली आणि पाणी प्यायला आत गेली. एवढंच. शिवणयंत्राचा पाय धरला नाही, मध्ये थांबली नाही, भिंतीकडे बघितलं नाही. तिला उठावंच लागलं नाही, कारण ती बसलेलीच नव्हती. भाऊजींनी चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने पुसत राहिले. मी पण नाक ओढलं. भुसा फार झाला होता घरात.

वाद्यवृंदाचे कोट झाले. आता दुसरंही काम येतं आणि ताई कुणाला नाही म्हणत नाही. इतक्या खटाटोपानंतर भाऊजींना सरळ कापणारी एक करवत मिळाली, आणि तिच्यावर आता फक्त कात्री चालते. त्यांची तक्रार नाही. दुकानातून आले की ते तिथेच बसतात, लोखंडावर गंज चढू नये म्हणून रोज मेण लावतात, तेही ताईचं काम आवरल्यावर, विचारून.

परवा त्यांनी जरा धीर केला. "अगं, ती फळी नुसतीच उभी आहे. तिचं मला बसायला एक बाक करीन म्हणतो. जरा लांब आहे, एक काप घ्यायला लागेल. अर्धा दिवस हे टेबल रिकामं करून देशील का?"

ताईने तोंडातल्या टाचण्या काढून उशीला टोचल्या.

"कोपऱ्यावरच्या सुताराकडे न्या," ती म्हणाली. "अर्ध्या तासाचं काम आहे."

भाऊजींनी माझ्याकडे बघितलं. मी टेम्पोची किल्ली काढली.